शेवटचा फर्मा

य. गो. पाळंदे मी पहिल्यांदा वाचले ते उलटे.
शिशाचं अक्षर डोक्यावर उभं असतं.
नारायण पेठेतल्या प्रेसमध्ये, चाळीसच्या बल्बखाली
स्टिक डाव्या हातात धरून
मी व्हिएन्नाचा विमानतळ पाय वर करून उभा केला.

दिवसा ते मिलिटरी अकाउंट्सला.
जवानांचे मोजे, खेचरांचा चारा,
डब्यामागे छटाकभर कमी भरलेलं तूप,
सगळ्याला हिरव्या शाईची बारीक खूण.
सहाला सायकल प्रेसच्या दाराशी,
पँटीला क्लिपा, कॅरिअरला पिशवी,
पिशवीत दुधी
आणि दुधीखाली मेजर सात्यकी.

महिन्याला एक. एकशे बारा पानं, सात फर्मे.
लायब्ररीत दहा पैसे रोज.
बार्शीच्या एस्टी स्टँडवर माणसं गाडी सोडायची
पण पान सोडायची नाहीत.

खलनायक आधी झाबोत्स्की होता.
आमच्या केसमध्ये झ एकोणीस.
म्हटलं, साहेब, हा गृहस्थ पानावर चौदा वेळा येतो.
चष्मा पुसत म्हणाले, "क किती आहेत?"
"क वाट्टेल तेवढे."
"मग काबोत्स्की करा. नाव बदलून माणसं वाचतात, धुमाळ."

पासपोर्ट नव्हता. बर्नच्या गल्ल्या शाळेच्या नकाशातून.
बर्फात पुरलेला माणूस लिहायचा होता तेव्हा
कॅम्पातल्या इराण्याच्या बर्फपेटीत
हात घालून बसले,
घड्याळ लावून, चार मिनिटं.
पुढे आठवडाभर मफलर.

एकदा जीपमधून दोघे आले.
कादंबरीतल्या दारूगोळ्याच्या डेपोचा नंबर
खऱ्याशी जुळला होता म्हणे.
यांनी रेल्वेचं टाइमटेबल काढून दाखवलं,
त्यातल्याच एका गाडीचा नंबर.
ते गेल्यावर माझ्याकडे बघून हसले:
"इतकं लक्ष देऊन कुणीतरी वाचलं बुवा!"

मग टायफॉइड. नायडू हॉस्पिटल.
कॉपी शहाण्णव पानांवर थांबलेली.
मेजर लिफ्टमध्ये, खाली तिघे पिस्तूल घेऊन,
वर मालक, एजंटांचे पैसे घेऊन.
मी म्हणालो, कॉपी आलीय.

आली नव्हती.
दोन रात्री उभ्याने मी शेवटचा फर्मा जुळवला,
कागदाशिवाय, थेट शिशात.
माझ्या मेजरने गोळी झाडली नाही. मला ते जमेना.
तो पहिल्या मजल्यावर उतरला, मुदपाकखान्यात शिरला,
भांडी घासणाऱ्या पोराने
ओल्या हाताने मागचं दार उघडलं,
मेजरने अंगातला कोट काढून त्याला दिला
आणि गेला.
(भोरहून आलो तेव्हा मीही घासली होती, सहा महिने.
मला कुणी कोट दिला नाही.)

पाळंदे परतले, गळ्याची हाडं वर आलेली.
मशीनपाशी उभे राहून सोळा पानं वाचली.
हिरवं पेन काढलं.
एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ केली.
पेन बंद केलं.
"दुधी महागला," म्हणाले.

पुढच्या महिन्याच्या कॉपीत, पान नऊ,
इस्तंबूलला तोच पोरगा.
ओला हात, मागचं दार.
मग प्राग, मग कैरो, एकतीस कादंबऱ्या
तो न चुकता दार उघडत राहिला
आणि आम्ही दोघांनी
त्याच्याविषयी एक अक्षर काढलं नाही.

टीव्ही आला. लायब्ररीचं झेरॉक्स झालं.
प्रेसचं शिसं किलोवर गेलं.

वैकुंठात फार कुणी नव्हतं.
एक रिटायर पोस्टमन हडपसरहून आला होता,
सगळ्या कादंबऱ्या वाचलेला.
मला विचारत होता,
"तो दार उघडणारा पोरगा, तो कोण हो? खरा असणार."
मी म्हणालो, कोण जाणे.

मॅटर तर तेव्हाच सोडलं होतं.
खिळे ज्याच्या त्याच्या घरात.
झ मी मोजून टाकले होते:
अठरा.